जुन्या वळणाचा फ्लॅट पाहुण्यांना द्यायचाय? आधी तीन रात्री तिथं स्वतः झोपा

माझा फ्लॅट एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आहे. उंच छत, नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या, रंगीत काचांचं एक दार, बिडाचा पायांवर उभा टब आणि इमारतीत जाळीच्या दाराची लिफ्ट. फोटो टाकले की बुकिंग येणार याची मला खात्री होती, आणि ती आलीही. पहिले पाहुणे मात्र दोन रात्रींसाठी आले आणि एका रात्रीत गेले. बाथरूमची कडी आतून लागत नव्हती, रात्री दीड वाजता भिंतीतले पाइप ठोठावत होते आणि गरम पाणी चार मिनिटांत संपलं होतं. यातली एकही गोष्ट मला नवीन नव्हती. इतकी सवय झाली होती की त्यांना सांगावं हे सुचलंच नाही.

त्यानंतर जे शिकलो ते क्रमानं लिहितोय. घर स्वतःचं असो वा भाड्याचं, इमारत कुठलीही असो, क्रम साधारण हाच ठेवा.

१. तीन रात्री पाहुणा होऊन राहा

बॅग भरून, अंधार पडल्यावर, परक्यासारखे या. कुलूप उघडायला किती वेळ लागतो? दारातून आत आल्यावर दिव्याचं बटण हाताला सापडतं का? रात्री पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जाताना पाय कशाला अडखळतो? तुम्हाला ठाऊक असलेल्या युक्त्या वापरू नका. खिडकी थोडी उचलून ढकलली की बसते, हे पाहुण्याला माहीत नसतं.

जवळ एक वही ठेवा आणि पानावर तीन रकाने आखा: *दुरुस्त करायचं*, *सांगायचं*, *राहू द्यायचं*. घरातली प्रत्येक खोड यातल्या एका रकान्यात गेलीच पाहिजे. माझ्या वहीत बाथरूमची कडी पहिल्या रकान्यात गेली, लाकडी जमिनीची करकर दुसऱ्यात आणि तिरकी झालेली फळी तिसऱ्यात. पाइपांची ठोठाव मी आधी ‘सांगायचं’मध्ये लिहिली होती. प्लंबरनं पाहिलं तर नळ झटक्यात बंद केला की पाण्याचा दणका बसून सुटलेला पाइप भिंतीवर आपटत होता. दोन क्लॅम्प बसवले आणि प्रश्न मिटला. वर्षभर मी त्याला घराचा स्वभाव समजत होतो!

रकाने भरताना एक नियम पाळा. ज्यानं कुणाला इजा होऊ शकते, ते कितीही देखणं असलं तरी पहिल्या रकान्यात.

२. परवानग्या आधी, पडदे नंतर

बहुतेक नवखे इथंच फसतात. रंगकाम, पडदे, पलंग यांवर खर्च होतो आणि मग कळतं की इमारतीच्या नियमांत लघुमुदतीच्या पाहुण्यांना मनाईच आहे. शहराशहरांत नियम फार वेगळे आहेत आणि ते बदलतही राहतात. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी घराची नोंदणी लागते, यजमानानं त्याच घरात राहावं लागतं आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. लंडनमध्ये अख्खं घर वेगळ्या परवानगीशिवाय वर्षाला ९० रात्रींपर्यंतच देता येतं. बार्सिलोनानं तर पर्यटकांच्या फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवणार नसल्याचं जाहीर केलंय. ‘शेजारच्या इमारतीत एक जण देतो की’ या भरवशावर पुढं जाऊ नका. त्याच्याकडे परवानगी आहे की तो अजून सापडलेला नाही, हे बाहेरून कळत नाही.

फाइलमध्ये हे असू द्या:

- मालकीचा पुरावा. घर भाड्याचं असेल तर पोटभाड्यानं देण्याची मालकाची लेखी संमती
- सोसायटीचं किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाचं लेखी उत्तर (तोंडी होकार समिती बदलली की संपतो)
- स्थानिक प्रशासनाचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक
- करनोंदणी, लागू असेल तर
- पैसे देणारे पाहुणे राहणार आहेत हे स्पष्ट सांगून घेतलेला विमा
- वायरिंग आणि गॅसच्या तपासणीचे दाखले
- घरातल्या जुन्या वस्तूंची फोटोंसह यादी

विम्याकडे जरा नीट पाहा. साध्या घरविम्यात असे पाहुणे बहुधा धरलेले नसतात, आणि ते नुकसान झाल्यावरच कळतं. इमारत वारसा यादीत असेल तर खिडकी बदलण्याआधीही परवानगी लागू शकते. अनेक देशांत परदेशी पाहुण्यांची माहिती ठरावीक वेळात पोलिसांना किंवा सरकारी पोर्टलवर द्यावी लागते. ती पद्धत आधी समजून घ्या, रात्री अकराला पाहुणा दारात उभा असताना नको.

३. वीज, गॅस, पाणी

माझा सर्वांत जास्त पैसा इथं गेला आणि फोटोत त्यातलं काहीही दिसत नाही.

*वीज.* फ्यूजचा जुना बोर्ड असेल तर वायरमनला आधी फ्यूजची तार दाखवायला सांगा. माझ्याकडे फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणीतरी कधीकाळी जाड तार बांधून ठेवली होती. म्हणजे भार वाढला की फ्यूज शाबूत राहणार आणि भिंतीतली वायर जळणार. जुन्या वायरीवर रबर आणि कापडाचं आवरण असतं. ते कडक होतं आणि वायर जरा वाकवली की भुगा होऊन पडतं. असा भुगा दिसला तर डागडुजीत वेळ घालवू नका, वायरिंग पूर्ण बदला. नवा बोर्ड बसवताना एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही मागा. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट सांभाळतो, माणसाला बसणाऱ्या शॉकशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी हवा. सोबत अर्थिंग मोजून घ्या. पितळेची जुनी बटणं आवडत असतील तर ती दिव्यापुरती आणि वायरमननं तपासूनच ठेवा. पलंगाशेजारी मात्र तीन पिनांचे नवे सॉकेट द्या, नाहीतर पाहुणा खोलीभर एक्स्टेंशन बोर्ड ओढत बसेल.

*गॅस.* गॅसचा गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो तिथून हलवा. या मुद्द्यावर मी कुणाशीही वाद घालत नाही. कोंदट जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणजे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. जुन्या खिडक्यांच्या फटींतून हवा येत असते तोवर बरेचदा निभावून जातं. आपण गारठा नको म्हणून त्या फटी बुजवतो आणि धोका वाढतो. गॅसचं किंवा जळणाचं उपकरण असलेल्या प्रत्येक घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि झोपायच्या खोल्यांजवळ छताला धुराचा अलार्म हवाच. महिन्यातून एकदा बटण दाबून दोन्ही तपासा.

*पाणी.* टाकीचा गिझर ६० अंशांच्या आसपास ठेवतात, कारण कोमट पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो. पण ६० अंशांचं पाणी अंगावर आलं तर पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं. ४९ अंशांवर तेवढंच भाजायला काही मिनिटं लागतात. म्हणून टाकी गरम ठेवा आणि नळाआधी पाणी मिसळून तापमान उतरवणारा व्हॉल्व्ह बसवा. घर आठवडाभर बंद असेल तर पाहुणे येण्याआधी सगळे नळ आणि शॉवर काही मिनिटं सोडून ठेवा.

*टब.* बिडाचा टब रिकामा असतानाच साधारण शंभर किलोंच्या पुढं जातो. त्यात दीडशे लिटर पाणी आणि एक माणूस धरा. हा सगळा भार चार लहान पायांवर असतो आणि घरांच्या जमिनी साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास भार धरून आखलेल्या असतात. जमीन लाकडी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टब वापरायला देऊ नका. माझ्याकडे त्यानं दोन पायांखाली भार पसरवणाऱ्या पट्ट्या टाकायला सांगितल्या आणि मग होकार दिला.

४. भिंत खरवडण्याआधी थांबा

जुना रंग पोपडे धरतो तेव्हा हात शिवशिवतात. पण जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकेत घरांसाठी असा रंग १९७८ मध्ये बंद झाला, कित्येक देशांत त्यानंतर खूप उशिरा. कोरडा सँडपेपर घासला की त्याची धूळ घरभर बसते आणि लहान मुलांना तिचा त्रास सर्वाधिक होतो. आधी चाचणी करून घ्या. शिसं निघालं तर काम त्यातल्या जाणकाराकडे द्या. वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांच्या खाचा विशेष तपासा, कारण तिथं रंग रोज घासला जातो.

जुन्या विनाइल फरश्या आणि गरम पाण्याच्या पाइपांवरची गुंडाळी यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे धूळ श्वासात गेली तर फुप्फुसांना घातक ठरणारं तंतुमय खनिज, असू शकतं. ते धड असेल तर त्याला भोकं पाडू नका, तोडू नका. प्रयोगशाळेत नमुना तपासून घेतला की पुढचं ठरवता येतं.

५. दाखवायच्या वस्तू आणि वापरायच्या वस्तू

‘विंटेज’ घर म्हणून लोक येतात ते वस्तूंसाठी, आणि ज्या वस्तूला हात लावता येतो तिला ते हात लावणारच. त्यात त्यांची चूक नाही. कुठल्या वस्तूला हात लावायचा हे ठरवण्याचं काम आपलं.

माझ्याकडे चावीचा ग्रामोफोन होता. तो ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांसाठी असतो आणि त्याची पोलादी सुई एक बाजू वाजली की बदलायची असते. एका पाहुण्यानं त्यावर शेल्फातली विनाइलची एलपी लावली. त्या जड सुईनं एका फेरीत खाचा नांगरून टाकल्या. त्याला बिचाऱ्याला काय कळणार? तबकडी गोल, यंत्रावर बसणारी! आता ग्रामोफोन काचेच्या दाराआड आहे आणि ऐकण्यासाठी शेजारी साधा नवा टर्नटेबल. तो तुटला तरी दुसरा मिळतो.

टेबलाचा धडा वेगळा. जुन्या लाकडी टेबलावर बहुधा लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश असतं. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हँड सॅनिटायझरची बाटली ठिबकत राहिली तर सकाळी तिच्या बुडाएवढं चिकट वर्तुळ दिसतं, आणि गरम कप ठेवला तर पांढरं कडं उमटतं. मी चार महिने ‘कृपया कोस्टर वापरा’ अशी पाटी लावून पाहिली. शेवटी टेबलाच्या मापाची काच टाकली, खाली कोपऱ्यांत रबरी पारदर्शक टिकल्या ठेवून, म्हणजे काच पॉलिशला चिकटत नाही.

कडीचा जुना फ्रिज शोभेसाठी ठेवायची हौस अनेकांना असते. त्याचं दार बाहेरच्या खिट्टीनं बंद होतं आणि आतून उघडत नाही. लपाछपी खेळताना मुलं आत अडकून दगावल्यावरूनच अमेरिकेनं १९५६ मध्ये आतून उघडणाऱ्या दाराची सक्ती करणारा कायदा केला. असा फ्रिज ठेवायचाच असेल तर खिट्टी काढून टाका. मोठ्या पेट्यांच्या झाकणांनाही हेच लागू.

जुन्या दिव्यांची वायर आणि होल्डर बदला, आत एलईडी लावा. कापडी शेड उष्णतेनं करपणार नाही.

भावनिक मोलाची एकही वस्तू घरात ठेवू नका. आजोबांचं घड्याळ मी पहिल्याच महिन्यात हलवलं. ते कुणी फोडलं असतं तर पाहुण्याला माफ करणं मला जमलं नसतं.

जुन्या घड्याळात, बाहुलीत किंवा शोभेच्या घुबडाच्या डोळ्यांत कॅमेरा असेल अशी शंका पाहुण्यांना येते. घरं पाहुण्यांना देण्याचं संकेतस्थळ असलेल्या एअरबीएनबीनं ३० एप्रिल २०२४ पासून घरातल्या कॅमेऱ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे. इतर ठिकाणीही घरात कॅमेरा लावूच नका, आणि नाही हे जाहिरातीत लिहा. माझं घुबड मी शेवटी काढूनच टाकलं.

६. पलंग जुना चालेल, गादी नवीच

पलंगाची चौकट हवी तितकी पुराणी असू द्या. गादी, उशा, चादरी मात्र नव्या. जुना सोफा किंवा पलंग घरात आणण्याआधी टॉर्च घेऊन शिवणी, सांधे आणि स्क्रूची भोकं तपासा. काळे ठिपके दिसले तर ती वस्तू दाराबाहेरच राहू द्या. ढेकूण काही न खाता महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळं ‘गोदामात पडून होतं’ हे विक्रेत्याचं सांगणं कामाचं नाही. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी असेल तर आत लाकूड पोखरणारा किडा जिवंत असण्याची शक्यता मोठी. चादरींचे प्रत्येक पलंगामागं तीन संच ठेवा: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात.

७. लिफ्ट, कुलूप आणि वरच्या मजल्यावरच्या आजी

जाळीच्या लिफ्टचं गणित सोपं आहे. दोन्ही जाळ्या पूर्ण लागल्याशिवाय ती हलत नाही. माझा पाहुणा चौथ्या मजल्यावर उतरला, बॅगा ओढल्या आणि बाहेरची जाळी बोटभर उघडी ठेवून आत गेला. लिफ्ट तिथंच अडकली. पाचव्या मजल्यावरच्या आजी सामान घेऊन जिने चढून आल्या, वाटेत माझ्या दारासमोर थांबल्या, ती जाळी लावली आणि मग उरलेला मजला चढल्या. मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, पण पुढच्या बैठकीत माझ्या फ्लॅटचा विषय निघाला.

लिफ्टमधल्या पाटीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो पाहुण्यांना पहिल्यांदा स्वतः वर घेऊन जाण्याचा. जाळी त्यांच्या हातानं लावून घ्यायची आणि ‘खट्’ आवाज ऐकवायचा. तो एकदा कानात बसला की माणूस विसरत नाही. मुलं सोबत असतील तर त्यांचे हात जाळीपासून लांब ठेवायलाही तेव्हाच सांगा.

जुन्या कुलपाची वीतभर किल्ली फोटोत छान दिसते. माझी एक किल्ली पाहुण्याच्या खिशातून विमानात बसून गेली आणि तशी दुसरी करून देणारा कारागीर शोधण्यात आठवडा गेला. जुनं कुलूप दारावर राहू द्या, पण बंद करायला नवं बसवा. ते आतून किल्लीशिवाय, नुसत्या खुंटीनं उघडलं पाहिजे. आग लागल्यावर कुणी किल्ली शोधत बसू शकत नाही.

आवाजासाठी खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमदा लावा, चालायच्या वाटेवर जाड गालिचा टाका आणि खालच्या घरात जाऊन एकदा ऐका. वर कुणालातरी चाकांची बॅग ओढायला सांगा. मला ते ऐकून लाज वाटली. शेजाऱ्यांकडे तुमचा फोन नंबर असू द्या. तक्रार आधी तुमच्याकडे आली तर बरं.

८. जाहिरात लिहिताना दुसरा रकाना उघडा

फोटो दिवसाउजेडी काढा, कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि सरळ धरून. फार रुंद लेन्सनं खोली मोठी दिसते आणि पाहुणा दारातच हिरमुसतो. बाथरूम, जिना आणि खिडकीतून दिसणारी समोरची भिंत यांचे फोटोही टाका.

मजकुरात ‘सांगायचं’ रकान्यातलं सगळं जसंच्या तसं यावं, आकड्यांसह: लिफ्ट बंद पडली तर किती पायऱ्या, गरम पाणी सलग किती मिनिटं, पलंगाचं नेमकं माप, पहाटे कुठला आवाज येतो. बुकिंग कमी होईल अशी भीती मला होती. प्रत्यक्षात ज्यांना करकरणारी जमीन चालत नाही ते आलेच नाहीत, आणि जे आले ते तिच्यावर प्रेमानं लिहून गेले. ‘मोहक’, ‘अस्सल’, ‘काळात मागे नेणारं’ असले शब्द मी काढून टाकले. ते फोटोंनी सांगावं.

पहिले दोन-तीन मुक्काम ओळखीच्यांना फुकट द्या, अट एकच: तक्रारी लेखी हव्यात.

९. दर मुक्कामानंतर

साफसफाई करणाऱ्या व्यक्तीला घर समजावून सांगायला एक अख्खा दिवस ठेवा. नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या भट्टीत भाजलेल्या नसतात, दाबून केलेल्या असतात आणि वरचा रंगीत थर काही मिलिमीटरचाच असतो. त्यावर ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर पडला की सिमेंट खाल्लं जातं आणि तो डाग पुन्हा निघत नाही. सौम्य साबण, भरपूर पाणी आणि लगेच कोरडं पुसणं एवढंच. घरात ॲसिडची बाटली ठेवूच नका, म्हणजे कुणी उत्साहानं वापरणार नाही.

सफाईनंतर स्वतः एक फेरी मारा: अलार्म, आरसीसीबीचं टेस्ट बटण, खिडक्यांच्या कड्या, किल्ल्यांची संख्या, टबाच्या तळाशी ओल. शेवटी टबाचं बूच साखळीला पुन्हा अडकवा. ती पातळ साखळी दर तीन-चार मुक्कामांनी तुटते. चार जास्तीच्या आणून सिंकखालच्या कप्प्यात ठेवा.